आक्कांची पाठ

"हात पुढं कर," मॅडम म्हणाल्या.

मी केले. खाटेवरच्या पेशंटच्या, आक्कांच्या, मुलासमोर, सुनेसमोर. खोलीत वास येत होता आणि सुनेनं नाकाला रुमाल लावला होता. मॅडमनी सॅनिटायझरची बाटली उचलली आणि माझ्या ओंजळीत वरून धार सोडली. बाटली हाताला लागू नये एवढ्या उंचावरून. मग मुलाकडं बघून हसल्या. "सॉरी हं. वास या बाईचा आहे. कितीदा सांगितलं, अंघोळ करून येत जा. पण यांच्यात सवयच नसते."

'यांच्यात' म्हणजे कुणात, ते सगळ्यांना कळलं. नोकरीला लागले त्या दिवशी मॅडमनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. दुसऱ्या दिवसापासून माझा कप खिडकीत वेगळा. माझ्या आजीला गावात असंच वरून पाणी वाढायचे. मला वाटायचं, ते आजीबरोबर संपलं. कशाचं संपतंय! पाण्याच्या जागी सॅनिटायझर आलं, एवढंच.

मी ओले हात घेऊन बाहेर गेले.

वास कशाचा होता ते मला माहीत होतं. आक्कांच्या पाठीचा.

सांगलीत विश्रामबागेतलं हे मॅडमचं शुश्रूषा केंद्र. अर्धांगवायू झालेली, हाड मोडलेली, अंथरुणाला खिळलेली माणसं इथं ठेवतात. मी तिथं आया. आक्का विट्याच्या, मुलाचं सोनं गाळायचं दुकान तिकडं लांब दक्षिणेत. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. दुखलं की आक्का नुसतं माझं मनगट धरायच्या. अशा माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठ सडते. खाटा अठरा आणि आया आम्ही दोघी. प्रत्येक खाटेला एक कागद लावलेला. कूस बदलली की त्यावर खूण करायची. आम्ही सकाळीच दिवसभराच्या खुणा करून टाकायचो. मॅडमनीच तसं सांगितलेलं. पण खुणा मी केल्या. माझ्या हातानं.

आक्कांच्या माकडहाडावर आधी लाल चट्टा आला. मग कातडं गेलं. मग खड्डा पडला. मी मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "तू डॉक्टर आहेस का?"

येणारे नातेवाईक फरशी बघतात, फिनेलचा वास घेतात, हॉलमधल्या गणपतीला हात जोडतात. "छान ठेवलंय," म्हणतात. पांघरूण कुणी उचलत नाही. मी मात्र खोलीत शिरले की टाचा बघते. ओठ सुकलेत का, पाण्याचा पेला हाताला येतोय का, ते बघते. तेवढ्यात सगळं कळतं.

मग गप्प का बसले? भीतीनं. नवरा वारलेला. केंद्राच्या मागची खोली मॅडमनी राहायला दिलेली. पोरगी बारावीला. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्पर त्याच दिवशी जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्या संध्याकाळी मी टाचा घासायच्या वजरीनं अंग घासलं. दोनदा. पोरगी दाराशी आली. "आये, कातडं सोलून काढतीस व्हय? तुझा कसला वास बी येत न्हाई." मी रडायलाच लागले. वास कुठला ते माहीत असूनही मी स्वतःचे हात हुंगून बघितले होते.

चार दिवसांनी सरकारी पाहणी लागली. केंद्राचा दर्जा ठरवायला दोन अधिकारी येणार होते. आक्कांना सकाळीच पावडर लावली, मुलानं आणलेली नवी साडी गुंडाळली आणि उताणं झोपवलं. त्या जखमेवरच. मॅडम मला म्हणाल्या, "तू स्वयंपाकघरात थांब. बाहेर दिसू नकोस."

स्वयंपाकघरात आक्कांचं कण्हणं ऐकू येत होतं. दहा वाजले, अकरा वाजले, बारा.  मी कोयनानगरकडची, भूकंपाच्या धक्क्यांत वाढलेली. आमच्याकडं जमीन हलली की आधी अंथरुणातलं माणूस बाहेर काढतात, मग भांडीकुंडी. आणि इथं मी भांड्यांत लपून बसले होते. स्वतःची लाज वाटली. भीती गेली नाही, पण उठले.

अधिकारी बाई आक्कांच्या खाटेशी उभ्या राहून कागदावरच्या खुणा बघून मान हलवत होत्या. "रेकॉर्ड व्यवस्थित आहे."

 "बाई, आक्कांस्नी कुशीवर करून बघा."

"आत जा तू!" मॅडम ओरडल्या.

"न्हाई जाणार."

मी आक्कांच्या खांद्याखाली हात घातला आणि त्यांना वळवलं. साडी जखमेला चिकटली होती. अलगद सोडवली. अधिकारी बाईंनी बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. तोच वास खोलीभर झाला. या वेळी कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

दुपारी मॅडमनी बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. त्यावर लिहिलेलं, आयाच्या हलगर्जीपणामुळं जखम झाली, ते मला मान्य आहे.

"सही कर. पोरीची बारावी होईपर्यंत खोलीत राहा. नाहीतर पोलिसांत देते. खुणा तुझ्याच हातच्या आहेत."

आवाज एकदम गोड. त्या आवाजाची मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटली. खोटं कशाला सांगू, पेन मी हातात घेतलं होतं. पोरीचं दप्तर डोळ्यांपुढं आलं होतं. मग पेन खाली ठेवलं.

"न्हाई करणार."

एवढंच निघालं तोंडातून.

संध्याकाळी आमचं सामान रस्त्यावर आलं. आता मायलेकी बहिणीच्या एका खोलीत आहोत. आक्कांना मुलानं मोठ्या दवाखान्यात हलवलं. जाताना त्यानं मला विचारलं, "मावशी, आदीच का न्हाई सांगितलं?" 

सोमवारी केंद्राची सरकारी चौकशी आहे. दारावर थाप पडली की पोलीस आले असं वाटतं.  बहीण म्हणते, "खुणांचं काय बोलू नगंस. तूच अडकशील."

मी बोलणार. घाबरत घाबरत जाईन, पण बोलणार. आधी माझ्याच खुणा दाखवणार. या माझ्या हातच्या, आणि सगळ्या खोट्या. त्याची शिक्षा होईल ती होऊ दे. आणि मग सगळ्यांच्या तोंडावर विचारणार, उरलेल्या सतरा जणांची पाठ आज कुणी बघितली?