शनिवारची फेरी आणि एका लिटरचं अंतर

पहाटे पाच वाजायला दहा मिनिटं असताना ज्योत्स्ना फिरके सावद्याबाहेरच्या पंपावर व्हॅनच्या टाकीत पेट्रोल भरून घेत होत्या. नळीचा पहिला खटका पडला तसा त्यांनी हात आडवा केला. नळी त्या दिवशी पंपाचे मालक गिरधरशेठ यांच्याच हातात होती. आकडा पूर्ण रुपयावर आणावा म्हणून ते आणखी थोडं सोडायच्या बेतात होते.

“नको शेठ. पहिल्या खटक्याला थांबायचं.”

“एवढं तोलून मापून तर सोनं घेतात, ताई.”

“सोनं असतं तर गळ्यात घातलं असतं. हे इंजिनात घालायचं शे.”

ज्योत्स्नाताईंचं माहेर दोंडाईचा. सावद्यात वीस वर्षं काढूनही त्यांच्या तोंडातलं ‘आहे’ऐवजीचं ‘शे’ गेलेलं नाही आणि ते घालवावं असं त्यांना वाटतही नाही. गाडी चालवायला त्या माहेरीच शिकल्या. आधी शाळेची मुलं नेत असत. शाळेने स्वतःच्या बस घेतल्या तेव्हा त्यांनी व्हॅन विकली नाही, दुसरे प्रवासी शोधले. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार त्या सावदा परिसरातले तीन रुग्ण डायलिसिससाठी जळगावला नेतात. मशीन सातला लागतं. रुग्ण उशिरा पोहोचला तरी पुढच्याची वेळ पुढे सरकत नाही, याचीच तेवढी मिनिटं कापली जातात.

तीन रुग्णांपैकी बेबाबाई चौधरी सर्वांत थकलेल्या. त्यांच्यासोबत नवरा बन्सीलाल असतो. त्याला सगळे आबा म्हणतात. आयुष्यभर केळी लावली, आता शेत मुलाकडे. आबा पुढच्या सीटवर बसतात आणि ज्योत्स्नाताईंना रस्ता सांगतात, जो त्यांना पाठ आहे.

गेल्या उन्हाळ्यापासून व्हॅनचं मायलेज घसरू लागलं. पूर्वी लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी गाडी आधी चौदावर आली. ज्योत्स्नाताईंनी ही गोष्ट गाडीत बोलून दाखवली, आणि असंच चाललं तर तिसरी फेरी झेपणार नाही, हेही सांगितलं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत गाडी अकरावर आली. चढावर इंजिनातून आवाज येऊ लागला, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा. एका गुरुवारी तापीच्या पुलाआधीच्या चढावर ती बंदच पडली. पुन्हा सुरू होऊन दवाखान्यात पोहोचेपर्यंत बेबाबाईंचा निम्मा वेळ गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायांना सूज होती.

त्यानंतर ज्योत्स्नाताईंनी तिन्ही घरी जाऊन एकच गोष्ट सांगितली. महिनाअखेरपर्यंत गाडी सुधारली नाही तर शनिवारची फेरी बंद. अकराच्या मायलेजवर तीन फेऱ्या परवडत नाहीत, आणि जिच्यावर आपला भरवसा नाही अशा गाडीत आजारी माणूस बसवायचा नाही. बेबाबाईंना आठवड्यातून दोन वेळा पुरणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ज्योत्स्नाताईंनाही ते माहीत होतं. म्हणून त्यांनी महिना मागितला होता.

सल्ले पुष्कळ आले. कोणी म्हणालं, सगळा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलचा. कोणी म्हणालं, पंपवाला भेसळ करतो. आबांचं मत ठाम होतं.

“महागाचं पेट्रोल टाक, पोरी. ताकदीचं राहते ते. खुराक चांगला तं बैल चांगला.”

ज्योत्स्नाताईंनी कोणाशी वाद घातला नाही. त्यांनी एकेक गोष्ट तपासायला घेतली. पंप तोच, नळी तीच, पहिल्या खटक्यापर्यंत टाकी. पुन्हा तिथेच, तशीच भरायची. मधे गाडी किती चालली त्याला आत गेलेल्या लिटरांनी भागायचं. टाकीच्या काट्यावर विश्वास नाही, अंदाजावर तर नाहीच. दोन आठवडे त्यांनी जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल वापरलं. चढावरचा आवाज थोडा कमी झाला, मायलेज मात्र अकराच राहिलं.

हे कोडं त्यांनी नूर महंमद यांच्यापुढे ठेवलं. जळगावात दवाखान्याजवळच त्यांचं गॅरेज आहे. रुग्ण मशीनवर असताना ज्योत्स्नाताईंचे चार तास बऱ्याचदा तिथे जातात. त्या दिवशी आबाही सोबत होते.

“ताई, ऑक्टेन म्हणजे ताकद नाही,” नूर महंमद म्हणाले. “दाब पडला तरी पेट्रोल वेळेआधी पेटत नाही, तो दम म्हणजे ऑक्टेन. ठिणगी पडायच्या आधीच पेटलं तर तो खिळ्यांचा आवाज.”

आबांनी मान हलवली. “म्हणजे दिल्लीच्या केळीसारखं. दिल्लीले पाठवायचा घड कच्चा कापायचा, वाटेत पिकला की माल गेला.”

“बरोब्बर. आणि आबा, तुमच्या शेजारच्या फैजपूरच्या बाजारात नेताना?”

“तिथी कायले पाहिजे तेवढा कच्चा? सकाळी काप, दुपारी वीक.”

“या व्हॅनचं इंजिन फैजपूरचं आहे. त्यात दाब कमी. साध्या पेट्रोलचा दम त्याला पुरतो. दिल्लीचा माल घातला तर फक्त पैसे जास्त जातात.”

“मग या इंजिनात आवाज का येतो?” ज्योत्स्नाताईंनी विचारलं.

“तेच तर. साध्या पेट्रोलवर यायला नको. एक तर आत काजळी बसली आहे, नाही तर पेट्रोलच खराब आहे.” इथेनॉलचंही त्यांनी सांगितलं. त्याचा ऑक्टेन चांगला असतो, पण जळून निघणारी उष्णता पेट्रोलपेक्षा कमी, म्हणून तेवढ्याच अंतराला थोडं जास्त लागतं. पंधराचे चौदा होऊ शकतात. अकरा नाही.

म्हणून पुढच्या फेरीच्या पहाटे ज्योत्स्नाताईंनी गिरधरशेठकडे फिल्टर पेपर मागितला. ग्राहकाने मागितला तर पंपाला तो द्यावाच लागतो. नळीच्या तोंडातला एक थेंब कागदावर टाकायचा. तो उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यायचा. गिरधरशेठ दुखावले.

“तीन पिढ्यांचा धंदा आहे आमचा.”

“म्हणूनच तुमच्यासमोर करते, शेठ. मागून बोलण्यापेक्षा बरं.”

थेंब उडाला. कागद कोरा राहिला. शेठनी तो उजेडात धरून तिथल्या प्रत्येकाला दाखवला. ज्योत्स्नाताईंनी त्यांच्याकडून आणखी एक कागद मागून घेतला.

तो कागद त्यांनी जळगावला नूर महंमद यांच्या गॅरेजमध्ये वापरला. या वेळी थेंब पंपाचा नव्हता, त्यांच्याच टाकीतून काढलेला होता. पेट्रोल उडालं आणि कागदावर पांढुरका, चकाकणारा थर राहिला. नूर महंमद यांनी तो नाकाजवळ नेला, मग ज्योत्स्नाताईंपुढे धरला.

“हा तर लग्नाच्या साड्यांचा वास शे,” त्या म्हणाल्या.

आबा बाकावर होते. चहा आला तो त्यांनी घेतला नाही.

परतीच्या वाटेवर ज्योत्स्नाताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, टाकीत डांबरगोळ्या कोणी टाकल्या. रुग्णांना आत पोहोचवायला त्या वर जात, तेव्हा गाडीची किल्ली आबांकडे असे. आबा खिडकीबाहेर केळीच्या बागा पाहत राहिले. बोलल्या त्या बेबाबाई. मशीनवरून उतरल्यावर त्यांचा आवाज बारीक झालेला असतो, पण शब्द शाबूत असतात.

“माह्या पेटीतल्या गोळ्या कोठी जातात म्हणून मी उंदरांले शिव्या देऊन राह्यली. उंदीर पुढच्या सीटवर बसेल होता.”

मागचे दोघे रुग्ण हसले. मग आबांनी सांगितलं. तरुणपणी त्यांच्या मोपेडच्या टाकीत ते दोन डांबरगोळ्या टाकत. त्या काळी सगळेच टाकत, आणि गाडी पाखरासारखी पळे. ज्योत्स्नाताई मायलेजचं बोलल्या त्या आठवड्यापासून त्यांनी दर फेरीला गोळ्या टाकल्या. फरक दिसेना म्हणून वाढवल्या.

“शनिवार बंद नको व्हायले म्हणून टाकल्या, पोरी.”

“आबा, शनिवार बंद पडायची पाळी तुमच्याच गोळ्यांनी आणली.”

“ते आता समजलं.”

“मले तं पेटीले कुलूप लावायचं आधीच समजायले पाहिजे होतं,” बेबाबाई म्हणाल्या.

डांबरगोळ्यांनी ऑक्टेन जरा वाढतो, हे आबांच्या पिढीचं म्हणणं अगदीच निराधार नाही. पण या इंजिनाला त्याची गरज नव्हती, आणि पेट्रोल उडाल्यावर मागे राहणारा थर मात्र जुन्या मोपेडपेक्षा या इंजिनाच्या बारीक छिद्रांना जास्त बाधला. नूर महंमद यांनी टाकी रिकामी केली तेव्हा आतल्या इंधन-पंपाच्या जाळीवर पांढरा चिकटा होता. इंजेक्टर साफ केले, प्लग बदलले, आतली काजळी काढली. चाकांत हवाही कमी निघाली. ती पाहायची राहून गेली हे ज्योत्स्नाताईंनी स्वतःच मान्य केलं. घसरणीतला किती वाटा गोळ्यांचा आणि किती हवेचा, हे नूर महंमद यांनाही सांगता आलं नाही.

त्यानंतर पुन्हा तोच पंप, तोच खटका. पहिल्या टाकीला चौदाच्या जवळ, दुसरीला चौदा पूर्ण. पुलाच्या चढावर आवाज नाही. पंधरा मात्र परत आले नाहीत, आणि ते येतील असं नूर महंमद यांनी म्हटलंही नाही. उरलेला फरक इथेनॉलचा आणि गाडीच्या वयाचा, असं त्यांचं मत.

चौदावर तिसरी फेरी जेमतेम बसत होती. ज्योत्स्नाताईंनी बसवली ती वेग कमी करून. मोकळ्या रस्त्यावर त्या पंच्याहत्तरने जात, आता साठच्या वर जात नाहीत. त्याने लिटरमागे आणखी थोडं अंतर मिळतं आणि वाटेत मिनिटं जास्त लागतात. ती मिनिटं त्यांनी स्वतःच्या झोपेतून काढली. महिना संपायच्या आत त्या तिन्ही घरी पुन्हा गेल्या आणि नवी वेळ सांगून आल्या. तेव्हाही आबांनी पुलाआधीचा चढ हळू घ्यायला सांगितलं. ज्योत्स्नाताईंनी ऐकून घेतलं.

उद्या शनिवार आहे. व्हॅन सव्वापाचऐवजी पाचला सावद्याहून निघेल. बेबाबाईंचं मशीन सातला लागणार आहे.