भाऊजींची पहिली गोळी

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा तिथे अख्खा देश लोटला होता. पण बंदुकीच्या आवडीनिवडी सांभाळणारा माणूस त्या गर्दीत एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. हे आमचे भाऊजी. हुद्द्याने ओव्हरसियर, दिवसभर भट्टीच्या पायावर धूळ खायचे. पण जीव सगळा वडिलांकडून आलेल्या शिकारी रायफलीत. शिकार मात्र कधी केली नव्हती. “आधी हिले कोणतं काडतूस मानवते ते समजू दे,” म्हणायचे. “ते आपुन नाई ठरवत, हिनंच ठरवा लागते.”

मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचो. दर रविवारी अहिवाऱ्याकडच्या उजाड माळावर आम्हा तिघांची वरात निघे. मातीच्या ढिगाऱ्यावर काळा ठिपका काढलेला कागद लावायचा, वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवायची आणि एकेका कंपनीचं काडतूस झाडून बघायचं. भोकं जितकी जवळजवळ, तितकं काडतूस चांगलं. मधे नळी गार व्हावी म्हणून भाऊजी तिला विंझण्याने वारा घालत आणि आम्ही उन्हात करपत असू. ताई फणकारायची, “मले घातला काय कधी असा वारा?” त्यातही त्यांचा एक नियम होता. पुसून तेल दिलेल्या नळीतून पहिली गोळी जरा डावीकडे जायचीच, म्हणून तिच्या भोकावर ते फुली मारत. “ते तोंड धुवाची गोळी हाये, ते नाई धराची.”

अखेर नागपूरहून आणलेल्या एका खोक्यातल्या गोळ्या ताईच्या कुंकवाएवढ्या जागेत बसल्या. भाऊजी हरखले. खात्रीसाठी पुन्हा झाडून पाहिल्या, मग पाहुण्यांना दाखवलं, मग एका रशियन साहेबालाही दाखवलं, आणि या दाखवण्यात खोका संपला. तसली काडतुसं दुकानात पुन्हा आली नाहीत. उरलं एकच, ते देवघरात जाऊन बसलं.

त्याच थंडीत जवळच्या उतई गावाकडे बिबट्या फिरू लागला. साइटवर माती वाहणाऱ्या एका विधवेच्या शेळ्या त्याने नेल्या. एकच उरली, आणि तिच्या दुधावरच घर चालायचं. बाई दारात येऊन रडली. भाऊजींनी देवघरातलं काडतूस उचललं.

“घरात दुसरी हायेत ना, ते बी घ्या संग!” ताई म्हणाली.

“हिले मानवत नाई.”

निघण्याआधी त्यांनी नळी आतून लख्ख पुसली, तेल दिलं. दिवेलागणीला आम्ही दोघं बाईच्या छपरावर दबा धरून बसलो. बिबट्या कुंपणातून आला, भाऊजींनी श्वास रोखला आणि गोळी झाडली. डावीकडच्या खांबावरचं मडकं फुटलं. बिबट्या जो उधळला, तो उतईला पुन्हा दिसला नाही.

“पह्यली होती रे,” भाऊजी पुटपुटले. खाली बाई वाचलेल्या शेळीच्या गळ्यात पडून तिच्या छत्तीसगढीत ओरडत होती, “मोर छेरी बाँच गे, बाबू!” तिने दुसऱ्या दिवशी दूध आणलं, तेही ते प्यायले नाहीत. नेम चुकला, हे त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही.

आता भाऊजी नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. रायफल सरकारजमा झाली, पण त्या काडतुसाची रिकामी पुंगळी ताईने ठेवून घेतली आहे. त्यांच्या फोटोपुढची उदबत्ती तीत खोचलेली असते आणि नेहमी जराशी डावीकडे कलते. परवा मी ती सरळ करायला गेलो, तर ताईने माझा हात धरला.

“राहू दे,” म्हणाली. “त्यायले असंच मानवते.”