दाराजवळचा शेवटचा बाक

मी एसटीत कंडक्टर आहे. नाशिक रोडहून गाडी सुटली की दिवसभर माझं एकच तुणतुणं, "पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा आहे!" आवाज मोठा आहे माझा आणि तो मी कुणासाठी बारीक केलेला नाही. पण ज्या एका माणसाला पुढे सरका म्हणायची माझी जन्मभराची इच्छा होती, तो दर रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा, दाराजवळ, बाहेर काढलेल्या चपलांच्या वासात. ते माझे पप्पा.

पप्पा मूळचे नामपूरकडचे. घर शेतकऱ्याचं, हिंदू. शाळेसाठी लहानपणी नाशिकला मिशनच्या बोर्डिंगात आले आणि कळत्या वयात आपल्या मर्जीने ख्रिस्ती झाले. कुणी गहू-तांदूळ दिले नव्हते, कुणी फूस लावली नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण लोक अजून विचारतात. आजीने बरेच दिवस अबोला धरला, मग एक दिवस कांद्याची गोणी घेऊन स्वतःच आमच्या दारात उभी राहिली. पुढे ती आली की रविवारी पप्पांबरोबर चर्चलाही यायची, डोक्यावरून पदर घेऊन, आणि गाणी सुरू झाली की सगळ्यांच्या आधी टाळ्या धरायची. तेव्हा आम्ही अगदी पुढच्या बाकांवर बसायचो.

मग आजी गेली. त्या भागात बापाला थोरला मुलगा अग्नी देतो आणि आईला धाकटा. पप्पा धाकटे. आजीने मोठ्या काकांना बजावून ठेवलं होतं, धाकला आल्याशिवाय मला उचलायचं नाही. पप्पा गेले. डोकं भादरलं, खांद्यावर मडकं घेतलं, आईला अग्नी दिला आणि पुढच्या रविवारी तसंच तुळतुळीत डोकं घेऊन चर्चमध्ये आले. टोपीसुद्धा घातली नाही. त्या माणसाला लपवायची अक्कल नव्हती म्हणा, किंवा अक्कल होती आणि लपवायचंच नव्हतं.

चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी त्यांना बोलावून घेतलं. तुम्ही ख्रिस्ती असून असले विधी केलेत, आता मंडळीसमोर उभं राहून चुकलं म्हणा. तोवर शेवटच्या बाकावर बसायचं, प्रभुभोजनाला पुढे यायचं नाही. प्रभुभोजन म्हणजे आमच्याकडे महिन्यातून एकदा वेदीपुढे गुडघे टेकून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा असतो. त्यातून एखाद्याला वगळायचं म्हणजे घरच्या माणसाला पंगतीतून हात धरून उठवायचं. पप्पा पंचांना म्हणाले, "आईला अग्नी दिला त्याचं मला वाईट वाटत नाही. मग देवाच्या घरात उभं राहून खोटं कसं बोलू?"

झालं! त्या दिवसापासून शेवटचा बाक. लोकांनी सांगितलं, नाशकात काय चर्चची कमी आहे, दुसरीकडे जा. पप्पा म्हणायचे, आपलं घर सोडून शेजारी जेवायला कशाला जायचं? नोटांच्या प्रेसमधली रात्रपाळी संपवून आलेले असोत, ताप असो, रविवारी पांढरा शर्ट घालून हा माणूस शेवटच्या बाकावर हजर. मम्मी देवळाली कॅम्पला नर्स होती, जन्माची ख्रिस्ती. ती प्रभुभोजनाला पुढे जायची. जाताना पप्पांकडे बघायची नाही, परत येताना मात्र बघायची आणि मग उरलेल्या उपासनेत तिचं लक्ष लागायचं नाही.

मी मोठी झाल्यावर माझ्या दृढीकरणाची वेळ आली. दृढीकरण म्हणजे मुलांनी मंडळीसमोर आपला विश्वास कबूल करायचा; ते झालं की त्यांनाही प्रभुभोजन मिळतं. मी तेव्हाच्या पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, तोंडावर सांगितलं, "पप्पांना द्याल तेव्हा मला द्या." मम्मीने घरी येऊन पाठीत असा धपाटा घातला की बोटं उठली. पुढच्या रविवारी पप्पा बाकावर थोडे सरकले आणि माझ्यासाठी जागा केली. मग आम्ही दोघं बाहेर ठेवलेली माणसं वर्षानुवर्षं तिथे शेजारी शेजारी बसलो, आणि खरं सांगते, माझ्या आयुष्यात त्याहून चांगली जागा मला मिळालेली नाही.

गेल्या हिवाळ्यात दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी ड्यूटीवर होते. घरी पोचले तेव्हा मम्मीने त्यांना पांढरा शर्ट घातलेला होता आणि ती त्यांचे पाय दाबत बसली होती, रोज संध्याकाळी दाबायची तसे. मी मोठमोठ्याने रडले. शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

चर्चचे सेक्रेटरीसाहेब आले. पप्पांना मागे बसवलं तेव्हाच्या पंचांपैकी हे एकटेच उरलेत. "सलाम ताई," आमच्या ख्रिस्ती रीतीने मम्मीला म्हणाले, आणि खुर्चीच्या टोकावर बसले. चहा घेतला. मग म्हणाले, कबरस्थानात जागा आहे, त्याची काळजी नको. पण शवपेटी वेदीपुढे ठेवायची तर अडचण आहे. ह्यांचं ते प्रकरण तसंच राहिलं ना. व्हरांड्यात प्रार्थना करू आणि तिथूनच नेऊ. "किंवा मग घरच्यांपैकी कुणीतरी ह्यांच्या वतीने मंडळीसमोर दोन शब्द बोलावेत. चूक झाली, एवढंच. मग खुशाल पुढे ठेवा."

माझं डोकं फिरलं. "मेलेल्या माणसाकडून माफी मागवताय? जिवंत होते तेव्हा जमलं नाही म्हणून?"

"बेटा, नियम सगळ्यांना सारखा."

"मग तुम्ही गेल्यावर तुमच्या पोरांनी कशाकशाची माफी मागायची ते आत्ताच सांगून ठेवा!"

माझ्या धाकट्या भावाने मला आत ओढत नेलं. तो स्वभावाने मऊ आहे, पप्पांसारखा दिसतो पण पप्पांचा कणा त्याला मिळाला नाही, असं मी त्या दिवशी त्याला म्हणालेसुद्धा. तो रडत म्हणाला, "ताई, दोन शब्दच तर आहेत. मी म्हणतो. एकदा तरी पप्पा पुढे जातील गं. मम्मीच्या मनात किती दिवसांपासून आहे, तुला माहितीये." ते मात्र खरं होतं. मम्मीला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, आपला नवरा वेदीपुढे असावा.

तेवढ्यात खाली पिकअप थांबली. नामपूरहून मोठे काका आले होते, काकू आणि भाऊबंद घेऊन, कांदा वाहायच्या त्याच गाडीत दाटीवाटीने बसून. काकांनी पप्पांच्या कपाळावर हात ठेवला आणि "धाकला, धाकला" करत लहान मुलासारखे रडले. मग सेक्रेटरीसाहेब आणि मी पुन्हा भांडत होतो त्यातलं काहीतरी त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी मला विचारलं, कसला नियम? मी सगळं सांगितलं. पप्पांनी गावाकडे कधी एका शब्दाने कळू दिलं नव्हतं.

"मायनाकरता?" काका म्हणाले. "मायले अग्नी दिधा म्हनीसन मन्हा भाऊले मांगे बसाडं?" आईसाठी आपल्या भावाला ह्या लोकांनी मागे बसवलं, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. मग त्यांनी डोळे पुसले आणि टोपी नीट केली. धाकट्या भावाच्या बायकोशी ते थेट बोलत नसत, जुनी रीत. म्हणून मला म्हणाले, "तुन्ही मायले सांग, मी बोलस त्यास्नासमोर. धाकलाले बलावणारा मी व्हतू. चूक मन्ही शे. मी माफी मांगस."

म्हाताऱ्या शेतकऱ्याने ज्या चर्चमध्ये कधी पाऊल ठेवलं नाही, तिथे जाऊन आपल्या आईच्या चितेबद्दल माफी मागायची! माझा भाऊ मान खाली घालून उभा राहिला. आणि मग मम्मी उठली. तिने जन्मात पहिल्यांदा मोठ्या काकांशी समोरासमोर तोंड उघडलं.

"भाऊजी, कुणी माफी मागायची नाही. तुम्ही नाही, माझ्या मुलांनी नाही. ह्यांनी नाही मागितली, तर आपण कोण?" मग सेक्रेटरीसाहेबांकडे वळून म्हणाली, "तुम्ही जा. आम्ही ह्यांना घेऊन येतो."

चर्चच्या दारात सेक्रेटरीसाहेब उभेच होते. शवपेटी खांद्यांवर होती. एका बाजूला मी आणि भाऊ, दुसऱ्या बाजूला मोठे काका आणि त्यांचा मुलगा. सेक्रेटरीसाहेबांनी हात आडवा केला. "ताई, सांगितलं होतं ना, पुढे नेता येणार नाही."

"पुढे नेतंय कोण?" मम्मी म्हणाली. "ह्यांच्या जागेवर बसवते ह्यांना. त्या बाकावर बसायला तुम्हीच सांगितलं होतं ना? तिथे बंदी कधी होती?"

साहेबांचा आडवा हात आपसूक खाली आला. मी इतकी दुःखात होते तरी मला हसू फुटलं, काय करू! आम्ही शेवटचे दोन बाक जोडले आणि त्यांच्यावर पप्पांना ठेवलं, रीतीप्रमाणे पाय वेदीकडे. मम्मी उशाशी बसली. काकू आणि गावाकडच्या बायका तिच्याजवळ खाली मांडी घालून बसल्या.

पाळकसाहेब तरुण आहेत, नवीन बदलून आलेले. ते तिकडे वेदीपाशी उभे राहून प्रार्थना म्हणू लागले आणि पंचाईत झाली. ज्याच्यासाठी सगळे जमले होते तो सगळ्यांच्या पाठीमागे. लोक माना वळवून वळवून बघत होते. मेलेल्या माणसाकडे पाठ करून बसायचं कुणाला बरं वाटेल? अखेर गाणाऱ्या बायकांतली एक म्हातारी उठली, पप्पांना बाकावर बघत बघतच म्हातारी झालेली, आणि एकटीच बाक फिरवायला लागली. तिच्याने हलेना. दोघं पुरुष धावले. मग पलीकडचा बाक फिरला, मग त्याच्या पुढचा. फरशीवर लाकूड घासल्याचा काय आवाज झाला म्हणता! बघता बघता सगळी मंडळी दाराकडे तोंड करून बसली. पंच बसतात तो पहिला बाक आता सगळ्यांत शेवटी गेला. हे मी केलं नाही, शपथेवर सांगते. पण मला ते फार आवडलं.

मग पाळकसाहेब पुस्तक मिटून मधल्या वाटेने चालत आमच्यापर्यंत आले आणि पप्पांच्या पायाशी उभं राहून त्यांनी उरलेली उपासना तिथेच केली. गाणं सुरू झालं तेव्हा मोठ्या काकांना शब्द येत नव्हते, पण त्यांनी टाळ्या धरल्या, आजी धरायची तशा. भावाचा हात मी घट्ट पकडून ठेवला होता. कण्याबद्दल बोलले ते मी परत घेतलं, त्याच्या कानात.

कबरस्थानात सगळ्यांनी माती दिली. सेक्रेटरीसाहेब पुढे यायला लागले तेव्हा मी गाडीतल्या आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्ही मागे सरका. सगळ्यांचं झाल्यावर." ते खरंच मागे सरकले. गावाकडच्या शेवटच्या बाईने माती दिल्यावर त्यांनी दिली.

एवढ्यावर संपलं असतं तरी मी समाधानी होते. पण मम्मीचं संपलं नव्हतं.

पुढचा प्रभुभोजनाचा रविवार आला. बाक पुन्हा वेदीकडे तोंड करून लावलेले. आम्ही दोघी शेवटच्या बाकावर बसलो, मधे पप्पांची जागा मोकळी ठेवून. लोक उठले, पुढे गेले, गुडघे टेकले, परत आले. मम्मी उठली नाही. मला वाटलं, रडू येत असेल. पण ती ताठ बसली होती, हात मांडीवर, नजर थेट पाळकसाहेबांवर. त्यांनी वाट बघितली. मग ताटली आणि प्याला घेऊन पूर्ण चर्च चालत आमच्यापाशी आले. पहिल्या बाकावरून सेक्रेटरीसाहेब मान वळवून बघत होते.

पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा मम्मीपुढे धरला. मम्मीने हात पुढे केला नाही. शेजारच्या मोकळ्या जागेवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "आधी ह्यांना."

पाळकसाहेबांनी वाकून तो तुकडा पप्पांच्या जागेवर ठेवला, मम्मीला दुसरा दिला, आणि डोळे पुसत परत गेले.

मम्मीने आपला खाल्ला. मग बाकावरचा उचलून माझ्या हातावर ठेवला. पप्पांना द्याल तेव्हा मला द्या, असं मी म्हणाले होते. माझं दृढीकरण झालेलं नाही, नियमात ते बसत नाही, मला सगळं ठाऊक आहे. मी तो तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावून खाल्ला. सेक्रेटरीसाहेब बघत होते. बघेनात का.