मिस्त्रींचा काळा रंग

भवानी पेठेतल्या आमच्या मिस्त्रींना गंज अजिबात खपत नाही. ऑइल बदलायला गाडी दिली तरी कुठंतरी खरवडून, न विचारता काळा रंग मारूनच परत देतात.

परवा माझी जुनी गाडी उभ्या उभ्या थरथरत होती, हेडलाइट लावला की पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा काटा नाचत होता. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं इंजिन उतरवावं लागेल म्हटल्यावर, गाडी विकायचीच, असं मी घरी बोलूनही बसलो होतो.

मिस्त्रींनी डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकला. मग बॅटरीची अर्थिंगची वायर बॉडीला जिथं आवळलेली असते, तो नट खोलला. खाली चकचकीत काळा रंग होता. तो पॉलिश पेपरनं घासून त्यांनी नट परत आवळला. गाडी शांत झाली, काटे जागेवर आले आणि माझा जीव भांड्यात पडला.

“इंजिनला काय बी झालं न्हाय, सर. मागल्या खेपेला हितं मीच रंग मारला की. रंगातनं करंट कसा जाईल?”

ते बोलले नसते तर मला जन्मात कळलं नसतं.

बॉनेट लावताना त्यांना कडेला गंजाचा ठिपका दिसला. हात सवयीनं ब्रशकडं गेला आणि थांबला.

“हितं मारू का, सर?”

“मारा की,” मी म्हणालो.