डेट्रॉइटचा बिबा

इथे आखातात, एगैलाच्या मॉलबाहेर शुक्रवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. एका लालभडक अमेरिकन मसल कारचा मालक बॉनेट उघडून ऐकवत होता, "पत्र्यापासून स्क्रूपर्यंत सगळं ओरिजिनल. थेट डेट्रॉइट!" पन्नास वर्षांचा पत्रा इथल्या खाऱ्या हवेत आरशासारखा राहिला, धन्य ते डेट्रॉइट!

शेजारी एक माणूस फडक्याने लोकांच्या बोटांचे ठसे पुसत होता. अख्ख्या भाषणात मालकाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याची नखं मात्र त्याच लाल रंगाने माखलेली. रंग बहुधा डेट्रॉइटहून उडून आला असावा.

मी एक्स-रे टेक्निशियन, आत डोकावायची खोड जात नाही. रेडिएटरपाशी काळ्या दोऱ्यात बिबा लटकत होता, दृष्ट लागू नये म्हणून आपल्याकडे बांधतात तसा.

"हे काय?" मी मालकाला विचारलं.

"अमेरिकन पार्ट," तो ठसक्यात म्हणाला. "गाडीबरोबरच आलाय."

मालक पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला, तसं मी त्या माणसाला मराठीत विचारलं, "तुम्हीच बांधलात ना?"

त्याचं फडकं थांबलं.

"हळू बोला, भाऊ. अमेरिकेचो समाजता म्हणान ठेवल्यान. माझो म्हटलंय तर आधी बिबो काढतलो, आणि मगे माका."