ऐनाच्या फांदीवरची कोळीण

माझा नवरा मिलिंद कर्जतच्या एका शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई आहे आणि त्याला कोळ्यांचं वेड आहे. लग्न ठरवताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यातही त्याचा जीव एकाच कोळ्यात: पिवळसर, काटेरी पायांचा, जाळं न विणता भक्ष्यावर झेप घेणारा. पुण्याच्या एका संशोधक मॅडमनी फोटो पाहून कळवलं, की या जातीची फारशी माहितीच नाही. अंडी राखणारी मादी तर कुणी पाहिलेलीच नाही.

फेब्रुवारीत, कोंडाण्याला आमच्या शेताच्या बांधावर, त्याला ती ऐनाच्या झुडपात दिसली. अंड्यांची पिशवी पोटाशी धरून बसलेली. "हात लावू नका, रविवारी मी येते," मॅडम म्हणाल्या. "शोधनिबंधात तुमचंही नाव येईल." बारावी नापास माणसाचं नाव! घरात नुसता हवेत चालत होता. फांदी चुकू नये म्हणून त्याने तिला लाल चिंधी बांधली.

आमच्या गावात राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा भाजायला, ज्या झाडाचे टहाळे तोडायचे, त्याला चिंधी बांधून ठेवतात. दहा वर्षं कोयता हातात न घेतलेला माणूस हे विसरला, आणि मीही आठवण केली नाही.

शनिवारी आम्ही शेतावर पोचलो तेव्हा राब जळून गेला होता. माझ्या सासूबाई येसूबाई राखेच्या कडेला घाम पुसत बसल्या होत्या. चेहरा नुसता फुललेला.

"औंदा तू चिंधी बांधलीस रं! म्हटलं, पोराला शेताची आठवण झाली. मंग तुझीच फांदी आधी तोडली."

मिलिंद राखेजवळ जाऊन वाकून पाहू लागला. मला आईंचा भयंकर राग आला. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो गिळला.

"फांदीवर काय होतं का गं, आये?"

"एक कोळीण होती. दोनदा झटकली, पण हटंना. पोटाखाली पांढरं कायतरी धरून बसलेली."

मिलिंदने खिशातून पेन काढलं. तळहातावरच त्याने लिहिलं: दोनदा झटकली.

"मंग कवर बसली?"

"आग लागस्तोवर," आई म्हणाल्या. "का रं? रडतोस कशापायी?"

"धुरानं," म्हणाला, आणि 'आग लागस्तोवर' हेही लिहून घेतलं.