एका दारावरची दोन कुलपं

त्या काळात बारामतीत खोली मिळणं किती अवघड होतं, हे आज सांगून पटणार नाही. कालव्याच्या पाण्यानं ऊस वाढला, गुळाची पेठ वाढली, कोरड्या गावांतली माणसं हमालीला आली. पण ती राहणार कुठं, हे कुणी पाहिलं नाही. एकोणीसशे तीस उलटल्यावर आमच्या वडिलांनी निरवांगी गावातली मेंढरं विकली आणि तेही पेठेत आले. गावचं घर चुलत्यांच्या वाट्याला गेलं होतं. मी पुण्याला कॉलेजात, आणि आई-वडील एका अडत्याच्या वखारीच्या पडवीत. तिथं तीन संसार होते, मध्ये गोणपाटाचे पडदे.

त्याच बारामतीत कितीतरी घरं मात्र रिकामी होती. काही प्लेगच्या साली सोडलेली, काही वाटणीच्या भांडणात अडकलेली. एक तर आमच्या पडवीसमोरच होतं. धाब्याचं, तीन खणी, माथ्यावर पिंपळाचं रोप उगवलेलं. दाराच्या कडीला दोन कुलपं होती. एक बारामतीच्या तात्यांचं, एक त्यांच्या इंदापूरच्या चुलत भावाचं, ज्यांना सगळे आबा म्हणत. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडू नये, म्हणून ही सोय. गेली कित्येक वर्षं दोघं एकत्र आले नव्हते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा आक्का, माझी थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. पण गोणपाटापलीकडे परकी पुरुषमाणसं, आणि अलीकडे बाळंतीण, हे कसं जमणार? आईनं माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलास. चार भिंतींची एक खोली बघ. महिन्याच्या आत."

मला आनंदच झाला. शिक्षणाचा घरच्यांना उपयोग व्हावा असं फार वाटे, आणि तोवर एकदाही झाला नव्हता.

मी तात्यांकडे गेलो. ते मळ्यात वांग्यांना पाणी देत होते. सगळं ऐकून त्यांनी कमरेची किल्ली काढली. "बाळंतिणीला न्हाय म्हणायचं व्हय? घर तर पडूनच हाय. ही आमची किल्ली. आबाची तेवढी तू इंदापुरातनं आण. त्योबी देतोय."

किल्ली माझ्या तळहातावर होती. इथंच मी घेऊन निघायला हवं होतं. पण मला वाटलं, उद्या या भल्या माणसाला आपल्यामुळे त्रास नको. मी म्हणालो, "तात्या, आधी कागद करू. दोघांची सही घेतो, मग नेतो." आणि किल्ली परत दिली.

तात्यांनी ती कमरेला खोवली. "कागद?" एवढंच म्हणाले.

रात्रभर... नाही, रात्रभर नाही, पण बराच वेळ खपून मी तो मजकूर लिहिला. त्यात माझ्या मते फार नेमकं वाक्य होतं: 'उभयतांच्या निम्म्या निम्म्या समाईक मालकीचे घर.' दुसऱ्या दिवशी मोटारीनं इंदापूर गाठलं. आबा पूर्वी कचेरीत होते. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"निम्मं कुणी सांगितलं तुला?"

"दोन कुलपं आहेत, म्हणून मला वाटलं..."

"कुलपं मोजून मालकी काढलीस? कालिजात हेच शिकवत्यात?" त्यांनी कागदाची घडी घातली. "मी सही केली, की त्याचं निम्मं मी कबूल केलं. तसाच आला असतास तर किल्ली दिली असती रे. आता न्हाय."

परत आलो तर तात्यांनाही कागदातल्या 'निम्म्या'ची बातमी लागलेली. त्यांच्या मते त्यांचा हिस्सा बारा आणे, म्हणजे पाऊण घर होता. तेही म्हणाले, "आता न्हाय."

वडील पडवीत विडी ओढत बसले होते. "किल्ली हातात आल्ती का?"

"हो."

"अन् तू परत दिलीस."

त्यांनी विडी जमिनीवर विझवली आणि उरलेली अर्धी कानावर ठेवली.

मी त्यानंतर दहा-बारा दारं फिरलो. एकाचा मालक मुंबईला, एकाचा कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही, एकात नुसता कडबा. कडब्याला छप्पर होतं. कडब्याचा मालक मला सांगत होता, कडबा भिजला तर बैल खात नाहीत.

आक्काचे दिवस भरत आले तसा आईनं एके सकाळी खराटा उचलला आणि समोरच्या घराच्या मागल्या अंगाला गेली. मी मागोमाग. मागची भिंत मागच्या पावसाळ्यातच बसली होती. पुढच्या दारावर दोन कुलपं, आणि मागून म्हैस जाईल एवढं भगदाड. आतल्या खोलीच्या मात्र चारी भिंती शाबूत होत्या.

"आई, असं शिरणं कायद्यानं..."

"कायद्याला म्हणावं आठ दिवस थांब. पोरीला थांबता येत न्हाय." आणि ती शेळ्यांच्या लेंड्या लोटू लागली.

वडील तात्यांना सांगून आले, की बाळंतीण उठली की घर सोडू. आईनं जमीन सारवली, आतल्या दाराला गोणपाट लावलं. चौथ्या दिवशी दुपारी आक्काला मुलगी झाली.

तात्या आले. आधी पुढच्या दाराशी जाऊन आपलं कुलूप ओढून पाहिलं, मग वळसा घालून मागं आले. हातात गुळाची ढेप होती. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कागद न्हाय ना केला कुठं?"

"नाही."

"मग असू दे."

सव्वा महिन्यानं आक्का सासरी गेली आणि वडिलांनी शब्दाप्रमाणे जागा सोडली. आईला सोडायची नव्हती. पडवीतल्या शेजारणीनं तर मला आधीच विचारलं होतं, तुम्ही निघालात की आम्ही जाऊ का? तिच्या म्हाताऱ्या सासऱ्याला दमा होता, वखारीतल्या धुळीत तो सारखा खोकायचा. मी म्हणालो, तात्यांना विचारतो.

दुसऱ्या दिवशी विचारायला निघालो तर त्या घरामागे दोघं उभे. तात्या आणि आबा. इंदापूरहून आबा मुद्दाम आले होते. गवंडी भगदाडात दगड रचत होता, आणि दोघं एकमेकांशी न बोलता त्याला सांगत होते, इथं मजबूत घे, तिथं मजबूत घे.

मी शेजारणीचं विचारलं. तात्या म्हणाले, "आबाला इचार." आबा म्हणाले, "त्यालाच विचार."

भिंत कमरेपर्यंत आली होती. मी परत पडवीत गेलो. शेजारीण सासऱ्याचं अंथरूण गुंडाळत होती. मी तिला म्हणालो, राहू द्या.